सोमवार पाळणाऱ्या तिसऱ्या

नारिंगखोलला दवाखाना नव्हता. एसटी दिवसातून दोनदा यायची, त्यातली एक येईलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नसे. पण खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आज किती आहेत, हे मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगू शकायचं. इतर शाळांच्या दर्शनी भिंतीवर सुविचार असतो, इथे आकडा असायचा. ‘खाडीत आज : ११,८२,०००.’ रोज सकाळी प्रार्थनेआधी नववीतलं कुणीतरी शिडीवर चढून तो लिहायचं आणि खाली उभे राहून चिंदरकर सर ‘आठाची शेपूट नीट काढ’ असं ओरडायचे.

मिलिंद चिंदरकर सर विज्ञान आणि भूगोल शिकवायचे. बावीस वर्षं शिकवत होते, आणि चांगलं शिकवत होते. तरी या बावीस वर्षांत तालुक्याच्या पलीकडे त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ते सांगायचे, आणि जरा जास्तच वेळा सांगायचे.

मग खांब आला.

पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपल्या अंगचं काही ना काही पाण्यात सोडत असतो. कुणी खवला, कुणी चिकटा, कुणी विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो. पूर्वी शास्त्रज्ञ बाटलीत पाणी भरून न्यायचे आणि प्रयोगशाळेतून उत्तर यायला पंधरा दिवस लागायचे. खांब तेच काम तासाभरात करायचा. दर तासाला लिटरभर पाणी आत ओढायचं, गाळायचं, कुणाचा डीएनए किती आहे ते वाचायचं, पाण्याचा वेग, खारटपणा आणि उष्णता यांचा हिशेब घालायचा आणि सांगायचं, की या खाडीत शेंगट्या इतक्या, खेकडे इतके, तिसऱ्या इतक्या. डोक्यावर सौर पाटी, पोटात यंत्र, आणि दिसायला विजेच्या खांबाचा धाकटा भाऊ.

तो बसवायला संशोधन संस्थेतून डॉ. नलिनी कामथ आल्या होत्या. त्यांना खांब खाडीच्या मध्यावर, खारफुटीच्या बेटाजवळ हवा होता. सरांना तो धक्क्याच्या पायऱ्यांशी हवा होता.

“मॅडम, पोरांना बेटावर कोण नेणार? पालकांची परवानगी घ्या, होडी बघा, लाइफ जॅकेटं आणा. धक्क्यावर असला तर मधल्या सुट्टीतही जाऊन येतील.”

“चालेल, पण एक सांभाळा. जिथे मासळी साफ करतात तिथून खांब लांब हवा. त्याला जिवंत-मेलेलं कळत नाही. डीएनए दिसला की तो मोजतो.”

“इथे कोण साफ करतंय मासळी? मासळी लिलावाच्या शेडमध्ये. तिथलं पाणी मागच्या ओढ्याला जातं.”

हे अगदी खरं होतं. खांब धक्क्याशी बसला.

पहिल्याच महिन्यात सरांनी जो पाठ घेतला तो नारिंगखोलला अजून आठवतो. परातीत त्यांनी वीस कुळीथ ठेवले आणि भोवती पाच पोरं बसवली. नियम असा, की शिट्टी वाजली की ज्याला हवे तितके दाणे उचलायचे. परातीत जितके उरतील तितकेच सर पुन्हा घालणार, पण एकूण वीसच्या वर नाही, कारण परात तेवढीच. ज्याच्याकडे शेवटी जास्त दाणे तो जिंकला. शिट्टी वाजली, पाच हात पडले, परात रिकामी. सरांनी रिकाम्या परातीकडे बघून गंभीरपणे विचारलं, “आता किती घालू? शून्याच्या दुप्पट?” पोरं हसली. दुसऱ्या खेपेला ती आधी आपसांत बोलली. प्रत्येकी दोनच उचलले, परातीत दहा राहिले, त्यांचे पुन्हा वीस झाले, आणि खेळ तास संपेपर्यंत चालला. लोकसंख्या कशी वाढते, जागा भरत आली की वाढ का मंदावते, आणि सामायिक वस्तूतलं किती काढलं तर ती टिकते, हे सगळं त्या परातीत मावलं.

तिसऱ्यांचं एक वेगळं होतं, तेही त्यांनी शिकवलं. तिसरी चिखलात रुतून बसणारी. तिला जोडीदार शोधायला जाता येत नाही. नर-मादी आपापलं बीज भरतीच्या पाण्यात सोडून देतात आणि त्याची गाठ पडली तर पडली. जवळजवळ असल्या तर पडते. विरळ झाल्या, की खाडीत तिसऱ्या असूनही पिल्लं होत नाहीत. संस्थेने नारिंगखोलच्या खाडीसाठी ती हद्द काढून दिली होती, दोन लाख. वर्गातल्या आलेखावर सरांनी दोन लाखांवर तांबडी रेघ मारून घेतली. त्या रेघेखाली गेलं की संपलं.

पोरांनी हे घरी सांगितलं, घरांनी ग्रामसभेत सांगितलं, आणि गावाने ठराव केला, की शाळेच्या आकड्यावरून दर चुलीला तिसऱ्यांचा वाटा ठरेल. ओहोटीला उघडी पडणारी बेटालगतची पुळण राखीव राहील, बीजासाठी. ठराव झाला तेव्हा गावात चोवीस चुली तिसऱ्या काढणाऱ्या होत्या. वर्षभरात त्या अडतीस झाल्या. सख्खे भाऊ भांडण न होता वेगळे झाले, सासवांनी सुनांना हसतमुखाने स्वतंत्र गॅस घेऊन दिला. चिंदरकर सरांनी हेही वर्गात ‘लोकसंख्यावाढ’ म्हणून शिकवलं आणि पोटभर हशा घेतला.

आणि आकडा वाढतच होता. सहा लाख, नऊ लाख, अकरा लाख. वाट्याच्या पाट्या वाढवल्या तरी वाढत होता. जपून खाल्लं की खाडी किती देते, याचं एवढं ठसठशीत उदाहरण देशात दुसरं नव्हतं. वर्तमानपत्रात सरांचा खांबाशेजारी फोटो आला. त्यांनी तो चौकटीत घातला नाही. फक्त स्टाफरूममध्ये विसरल्यासारखा ठेवून दिला.

नववीत शमिका तारी नावाची मुलगी होती. बोलायला फटकळ, गणिताला पक्की. ऑक्टोबरात एकदा आकड्याचा तास चालू असताना ती उभी राहिली.

“सर, आई म्हणते तिसऱ्या कमी झाल्यात. तिच्या पायाला लागत नाहीत.”

शमिकाची आई सुगंधा रोजच्या ओहोटीला खाडीत उतरणारी. सरांनी चष्मा वर केला.

“असं? आणि आईच्या पायाला किती दशांश स्थळांपर्यंत कळतं?”

वर्ग खदखदून हसला. शमिका बसली. दुसऱ्या दिवशी सुगंधा स्वतःच शाळेत आली, ओले पाय दाराबाहेर पुसून.

“सर, रागावू नकात. तीस वर्सां मी खाडयेत उतारतंय. सुकतीक चिखलात पाय ठेवलो की टाचेक समाजता खाली काय आसा ता. आता पाय नुसतो खाली जाता. लागली तर बारकी लागता, नखाएवढी. मोठ्यो खय गेल्यो?”

“सुगंधाताई, तुमचा पाय एका वेळी किती जागेवर पडतो? वीतभर. खांब सगळ्या खाडीचं पाणी चाखतो. इथल्या पुळणीवर नसतील, तर बेटाकडे सरकल्या असतील. एकूण वाढल्याच आहेत.”

“तिसऱ्यो काय चालत जातत, सर?”

“प्रवाहाबरोबर पिल्लं जातात,” सर म्हणाले. बाईने आपल्याला प्रश्न विचारावा याचा त्यांना किंचित राग आला होता. सुगंधा मान हलवून गेली.

सरांनी ते तिथेच सोडलं असतं तरी चाललं असतं. पण सहामाहीच्या पेपरात त्यांनी प्रश्न घातला : ‘एका महिलेला स्वतःच्या अनुभवावरून वाटते की खाडीतील तिसऱ्या कमी झाल्या आहेत. तिच्या विचारातील चूक स्पष्ट करा. (गुण ४)’. तीस मुलांनी चूक झकास स्पष्ट केली. शमिकाने लिहिलं, ‘चूक दिसत नाही. आकडा पुन्हा तपासावा.’ सरांनी शून्य दिला आणि शेजारी तांबड्या शाईने लिहिलं, ‘प्रश्न नीट वाचावा.’

जानेवारीच्या सुरुवातीला पुण्याहून पत्र आलं. पाठ्यपुस्तक समिती बावीस तारखेला शाळा बघायला येणार होती. ‘नारिंगखोल पद्धत’ या नावाने नववीच्या पुस्तकात पाठ घालायचा विचार होता, आणि आणखी एक्केचाळीस खाड्यांमध्ये धक्क्याशेजारी असेच खांब बसणार होते. समितीने वर्षभराचे रोजचे आकडे मागवले होते. सर आजवर मागच्या सात दिवसांची सरासरीच भिंतीवर आणि आलेखावर घालत, कारण आलेख गुळगुळीत दिसायचा.

पाच तारखेला, शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर त्यांनी रोजचे आकडे आलेखावर मांडले. गुळगुळीत रेघेच्या जागी करवतीचे दाते उमटले. वर जाते, खाली पडते, पुन्हा वर जाते. पंप अडकत असेल म्हणून त्यांनी दाते मोजले. दर सातव्या दिवशी खड्डा होता.

सर विचारात पडले. भरती-ओहोटीचं चक्र पंधरवड्याचं असतं. चंद्राला आठवडा माहीत नाही. सात दिवसांचं असं खाडीत काहीच नसतं. त्यांनी तारखा ताडून पाहिल्या. सोमवार, सोमवार, पुन्हा सोमवार. सप्टेंबरात पाच दिवस आकडा सपशेल झोपला होता, त्या वेळी त्यांनी पावसाच्या पाण्याला दोष दिला होता. आता त्यांनी पाहिलं, ते गणपतीचे पाच दिवस होते. आणि डिसेंबरात सोमवारांखेरीज आणखी चार खड्डे होते, चारही गुरुवारी. भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर अजून लटकत होतं. त्यात त्या चारही गुरुवारांवर छापलं होतं, मार्गशीर्ष गुरुवार व्रत.

खाडीतल्या तिसऱ्या सोमवार पाळत होत्या. मार्गशीर्षातले गुरुवार करत होत्या. गणपतीत तर गावाबरोबर पाच दिवस वरणभातावर होत्या. सर एकटेच मोठ्याने हसले आणि मध्येच थांबले. मग चपला न घालताच धक्क्यावर गेले.

पायऱ्यांवर नेहमीचंच दृश्य होतं. दोऱ्यांना बांधलेल्या जाळीच्या पिशव्या पाण्यात सोडलेल्या होत्या, चाळीसेक तरी. तिसरी काढल्या काढल्या खाता येत नाही, तिच्या पोटात वाळू असते. एक भरतीभर तिला पाण्यात ठेवावी लागते, म्हणजे ती वाळू टाकते. मग बायका तिथेच विळी घेऊन बसतात, शिंपा उघडतात, एक टरफल फेकतात, गर दुसऱ्यात ठेवतात आणि हात पाण्यात धुतात. पायऱ्यांवरून दुधट पाणी उतरत होतं आणि चार हातांवर उभ्या असलेल्या खांबाला वळसा घालून पुढे जात होतं.

सर दर रविवारी इथूनच एकशिपी साफ केलेल्या तिसऱ्या घ्यायचे. बावीस वर्षं. मासळी साफ करण्याबद्दल कामथबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लिलावाची शेड आली, पापलेट आलं, सुरमई आली. बायका संध्याकाळी पायऱ्यांवर काय करतात, ते काम आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

म्हणजे खांब खाडी मोजतच नव्हता. गावाने काढलेल्या तिसऱ्या मोजत होता. जास्त काढल्या की पायऱ्यांवर पिशव्या जास्त, पिशव्या जास्त की आकडा मोठा, आकडा मोठा की वाटा मोठा, आणि वाटा मोठा की पिशव्या आणखी जास्त. खाडी जितकी रिकामी होत होती तितकी शाळेच्या भिंतीवर भरत होती.

“सर, घेतास काय? ताज्यो आसत,” कुणीतरी हाक मारली.

“नको आज,” सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी डॉ. कामथांचा नंबर काढला. बोट त्यावर ठेवलं. मग मनाशी म्हणाले, आधी नीट खात्री करू. खात्री करायला खांब बेटापाशी नेऊन तासभर ठेवायचा एवढंच करायला हवं होतं, ते त्यांनी केलं नाही. रविवारी म्हणाले, समितीला परत फिरवलं तर शाळेची छी-थू होईल, पोरांनी इतकी मेहनत घेतली आहे. सोमवारी म्हणाले, बावीस तारीख होऊन जाऊ दे, तेवीसला सांगू, पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय. पोरांचं नाव घेऊन आपण स्वतःला झाकतो आहोत हे त्यांना कळत होतं. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो असं ते मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगत आले होते. त्यांना लाज वाटत होती, आणि ते काहीच करत नव्हते.

मंगळवारी, आठ तारखेला, ग्रामसभा भरली. विषय एकच. जवळच्या पुळणीवर कुणाची पाटी भरत नव्हती.

सरपंच बाबल मयेकर बोलायला उठले. “हय गावनत नाय, आणि शाळेचो आकडो तर वाढता. मगे सरळ आसा. सगळ्यो बेटाकडे जमल्यासत. राखीव उघडूया. चुलीक दिवसाक दोन पाटये, सोमवार सोडून.”

सुगंधा मागून उठली. “राखीवाक हात लावू नकात. तेवढाच ऱ्हवला हा. माझा ऐका.”

“तुझा ऐकू की सरांचा ऐकू?” कुणीतरी म्हटलं. ‘दशांश स्थळ’ हा विनोद एव्हाना गावभर झालेला होता, लोक हसले. सुगंधाही ओशाळून थोडी हसली.

“सर, तुमीच सांगा,” सरपंच म्हणाले. “आकडो काय म्हणता?”

सगळी सभा वळली. सरांना एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, यंत्र चुकीच्या जागी आहे, चूक माझी आहे. ते उभे राहिले.

“आजचा आकडा चौदा लाख वीस हजार आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून राखीव उघडलं.

पुढचे पंधरा दिवस सरांनी धक्क्याचा रस्ता टाळला. समितीपुढे बोलायला त्यांनी शमिकाला निवडलं, कारण तिच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नव्हतं. तिने विचारलंही, “सर, मला तर त्या प्रश्नात शून्य होता.” ते म्हणाले, “म्हणूनच. आता तुला पटलं आहे ना?” तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही इतके दिवस शिकवलंत तर खरंच असणार,” ती म्हणाली. घरी ती आईला समजावू लागली होती, की तुझा पाय वीतभर जागेवर पडतो.

बावीस तारखेला समिती आली. शमिकाने खांब समजावला, परात समजावली, तांबडी रेघ समजावली. समितीतल्या एका वयस्क बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “हे सगळं तुला कुणी शिकवलं गं?”

“आमच्या सरांनी,” ती म्हणाली, आणि टाळ्या पडल्या. सर हात जोडून उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात ते त्यांना त्या क्षणी शब्दशः हवं होतं. जमिनीने घेतलं नाही. समिती सोलकढी पिऊन गेली.

तेवीसला दुपारच्या ओहोटीला ते सुगंधाकडे गेले आणि म्हणाले, खांब बेटाकडे न्यायचा आहे, तुमची होडी मिळेल का. ती का म्हणून न विचारता वल्हं घेऊन निघाली. खांबाची कडी सोडून दोघांनी तो होडीत आडवा ठेवला, बेटाशी चिखलात रोवला आणि तासभर आकड्याची वाट बघत बसली. पुळणीवरची माणसं त्या दिवसाच्या पाट्या भरून नुकतीच परतली होती. खांबाने आकडा दिला. पन्नास हजार.

सरांनी तिला सांगितलं. पायऱ्या, पिशव्या, विळ्या, सगळं सांगितलं. सोमवारांचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“माका म्हायत होता, सर. तुमका म्हायत नाय म्हणून तुमी तसा बोलत होतात.”

“सुगंधाताई, वर्गात मी तुमचा...”

“जांव दी ता. चूक सगळ्यांकडसून होता. तुमी काय मुद्दाम केलात?”

तिने वल्हं उचललं आणि त्यांच्याकडे पाहिलं. उत्तराची वाट बघावी तसं नव्हे, धीर द्यावा तसं. पाच तारीख सरांच्या ओठांपर्यंत आली. धक्का येईपर्यंत ती तिथेच राहिली. उतरताना त्यांनी तिला हात जोडले, तिने ‘कित्या, सर?’ म्हणून ते खाली करवले. त्या रात्री त्यांनी डॉ. कामथांना आणि समितीला सगळं लिहून पाठवलं, फक्त तारीख लिहिली नाही.

चोवीसला नववीच्या पहिल्या तासाला ते वर्गात गेले. भिंतीवर आकडा लिहू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे पोरं कुजबुजत होती. त्यांनी फळ्यावर धक्का काढला, पायऱ्या काढल्या, खांब काढला, आणि चूक सांगितली. जितकी चांगली शिकवता आली तितकी शिकवली. सोमवारांवर पोरं हसली, पण पन्नास हजार ऐकल्यावर सगळ्यांचे डोळे आलेखावरच्या तांबड्या रेघेकडे गेले.

“शमिकाने सहामाहीत लिहिलं होतं, आकडा पुन्हा तपासावा,” सर म्हणाले. “चारपैकी चार. तिची आई बरोबर होती, मी चूक होतो.”

शमिकाचा चेहरा आनंदाने फुलेल असं त्यांना कुठेतरी वाटलं होतं. ती भुवया आक्रसून काहीतरी जुळवत होती. मग उभी राहिली, आणि नेहमी वर्गात नीटस बोलणारी ती मुलगी घरच्यासारखी बोलली.

“सर, तुमका ह्या कधी समाजला?”

काल, असं म्हणता आलं असतं. काल बेटाशी आकडा आला हे खोटं नव्हतं. पोरांनी लगेच विश्वास ठेवला असता, त्यांना त्यांनीच तशी सवय लावली होती.

“पाच तारखेला,” सर म्हणाले.

शमिका पुढे आली आणि त्यांच्या हातातला खडू तिने मागितला. रागाने नव्हे. समोर गणित पडलं होतं आणि ते तिला सोडवायचं होतं, तिला तसंच शिकवलेलं होतं. तिने लिहायला सुरुवात केली. अडतीस चुली, प्रत्येकी दोन पाट्या, पाटीत चारशे. रोजच्या तीस हजार चारशे.

“नऊ ते तेवीस, पंधरा दिवस,” ती म्हणाली.

“दोन सोमवार वजा कर गो,” मागून कुणीतरी सांगितलं.

“तेरा दिवस.” तिने गुणाकार केला. तीन लाख पंच्याण्णव हजार दोनशे. त्यात उरलेले पन्नास हजार मिळवले. “म्हणजे राखीव उघडला तेव्हा चार लाख पंचेचाळीस हजार दोनशे होत्यो.” तिने रेघेकडे पाहिलं, ओठ हलवत पुन्हा एक एक दिवस वजा करत गेली, चौदा तारीख वगळली, आणि एका तारखेखाली खडू थांबवला. “सतराच्या संध्याकाळी दोन लाख दोन हजार. अठराक रेघेच्या खाली गेल्यो.”

ती वळली.

“मगे सतराक सांगला असतात, तरी चलला असता, सर?”

सरांनी फळ्यावरचं गणित वरपासून खालपर्यंत तपासलं. कुठे हातचा चुकला असेल तर बघावा, म्हणून दोनदा तपासलं.

“हो,” ते म्हणाले. “बरोबर आहे. सतराला सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

शमिकाने खडू जागेवर ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. दर तासाच्या शेवटी सर जे सांगायचे ते आज त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनेच पेन उघडून विचारलं.

“ह्या वहीत उतरून घेवचा काय, सर?”

“घ्या,” सर म्हणाले. “वर तारीख घाला. पाच तारखेला सरांना कळलं होतं, तेही लिहा.”

एकतीस डोकी वह्यांवर वाकली. मागच्या बाकावरच्यांना दिसेना, म्हणून ती माना उंच करू लागली, तेव्हा सर फळ्यासमोरून बाजूला सरकले आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत तिथेच भिंतीशी उभे राहिले.